रुमालाखालचा हात

हसुराम म्हात्रेच्या गोळ्या मी बंद करायला लावल्या, असं वाशीच्या कांदा-बटाटा बाजारात अजून बोलतात. बोलणाऱ्यांतले निम्मे तेव्हा बाजारात नव्हतेच. उरलेले होते ते त्याच्या थरथरत्या हाताची नक्कल करून चहाच्या टपरीवर हशा मिळवत होते. तो गेल्यावर ह्याच मंडळींनी गाळ्यात त्याचा फोटो लावला, हार घातला, आणि एकेकानं माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच त्याला तिरडीवर बांधला. तो आपल्या घरात, बायकोच्या हातचं पाणी पिऊन, साध्या तापाचं निमित्त होऊन गेला, आणि त्या प्रकरणानंतर चांगली पाच-सहा वर्षं धंदा करून गेला, हे कुणाच्या लक्षात नाही. बाजाराला भाव तेवढे लक्षात राहतात.

मी हार घातला नाही. त्याचा हात जितका मी धरला तितका त्याच्या बायकोनंही धरला नसेल. त्यामुळे त्याच्याबद्दल बोलायचा हक्क माझा आहे.

हात धरण्याचं म्हणजे असं. त्या दिवसांत आमच्या बाजारात भाव तोंडानं बोलत नसत. अडत्या म्हणजे शेतकऱ्याचा माल आपल्या गाळ्यावर उतरवून विकून देणारा, आणि त्याबद्दल आपली अडत कापून घेणारा. हसुराम अडत्या. मी खरेदीदार. दोघांनी समोरासमोर उभं राहायचं, हातांवर रुमाल टाकायचा, आणि खाली बोटं धरायची. तीन बोटं धरली की तीन, पंजा धरला की पाच. आधी दहाचा आकडा, मग वरचे सुटे. तोंडानं बोलायचं ते पोरीच्या लग्नाबद्दल. शेतकरी शेजारी उभा, माल त्याचा, वर्षाची मेहनत त्याची, पण त्या फडक्याखाली काय चाललंय ते त्याला सोडून दोघांना ठाऊक. चांगली पद्धत होती की वाईट, हे मला विचारू नका. मी त्या पद्धतीत मोठा झालो.

आणि त्या पद्धतीत हसुरामसारखा हात दुसरा नव्हता. खाडीकाठच्या आगरी गावचा, मिठागरात वाढलेला. तळवे मिठानं खाऊन जाड झालेले, टाचा भेगाळलेल्या, पण बोटांची टोकं बाईच्या बोटांसारखी हुशार. रुमालही बापाचा, लाल चौकडीचा. बाप तो डोक्याला बांधून मिठागरात फळी ओढायचा. एकदा हात धरला की हसुराम भाव सांगायचा, गोणीच्या तळाला माल ओला आहे हे सांगायचा, आणि माझ्या मागे उभा असलेला दलाल कान देऊन आहे हेही सांगायचा. चेहऱ्यावरची माशी हलायची नाही.

आम्ही दोघं मुंबईच्या जुन्या बाजारात एकाच पेढीवर होतो. मी जुन्नरकडून एका धोतरावर आलेला, पाठीवर गोण्या वाहणारा. तो खाडी ओलांडून रोज येणारा, शेठचा हातवाला, म्हणजे रुमालाखाली शेठचे सौदे करणारा. मग सरकारनं त्याच्या गावाच्या जमिनी नव्या शहरासाठी घेतल्या, आणि थोड्या वर्षांत बाजारच उचलून वाशीला आणला, त्याच्या घरापासून चालत पंधरा मिनिटांवर. त्यावर तो म्हणायचा, "गेनबा, मी मुंबईला गेलू, तं मुंबई माज्या मागं मागं घरा आयली. बायकोपन एवरी मागं येत नाय." सगळ्यांना तो शेठ म्हणायचा. हमालाला शेठ, टपरीवाल्याला शेठ, गाळ्यातल्या मांजरीलाही शेठ. खिशात पानाच्या डबीत जाडं मीठ असायचं. काकडी असो, पेरू असो, चहाबरोबरचं बटर-बिस्कीट असो, चिमूट टाकल्याशिवाय तोंडात घालायचा नाही. मीठ जिभेवर ठेवून ते कुठल्या गावच्या आगरातलं ते सांगायचा. खरं की खोटं, तपासणार कोण?

वाशीत त्यानं स्वतःचा गाळा घेतला, मी स्वतःची खरेदी सुरू केली, आणि पहिल्याच हंगामात त्याचं बिघडलं. आधी कुणाला बिघाड वाटलाच नाही. झोप नाही तरी तरतरीत, बोलणं पाण्यासारखं, सौदे धडाधड. बाजारातले शहाणे म्हणाले, स्वतःचा गाळा झाला, माणूस खुलला. मग एक दिवस त्यानं हमालांसाठी दोनशे पांढरे झब्बे शिवायला टाकले. शिंप्यानं माप विचारलं तर म्हणाला, "माजं घे. सगली मानसं एकाच मापाची." दोनशे झब्बे आले, सगळे हसुरामच्या मापाचे. पाच फुटी हमाल गुडघ्यापर्यंतच्या झब्ब्यात आणि सहा फुटी हमाल बेंबीपर्यंतच्या झब्ब्यात आठवडाभर गोण्या वाहत होते. बाजार हसला, टाळ्या वाजवल्या. एकानंही विचारलं नाही की ह्या माणसाला काय होतंय. फुकटचा झब्बा मिळाला की माणसाची चौकशी करायची नसते.

पुढच्या महिन्यात तो भिंतीकडे तोंड करून निजला. सहा आठवडे. गावकीनं भगत आणला. भगतानं कोंबडा घेतला, लिंबं घेतली, आणि दक्षिणेकडून आलेलं काहीतरी दक्षिणेकडे परत पाठवलं. कोंबडा तेवढा गेला. आमचे व्यापारी पेरू घेऊन घरी गेले आणि म्हणाले, "हसूशेठ, टेन्शन नाय घ्यायचं." हा सल्ला देणाऱ्याला मी आजवर कधी कुणाला उपयोगी पडलेलं बघितलेलं नाही.

मग एका दुपारी भरतीच्या वेळी तो खाडीच्या चिखलात कमरेपर्यंत उतरून उभा असलेला सापडला. मासे पकडायला नव्हे. जाळं नव्हतं, काही नव्हतं. पाणी चढत होतं आणि तो बघत होता. गावच्या दोघांनी ओढून काढला. त्याच्या बायकोनं, जनाबाईनं, दुसऱ्या दिवशी कुणाला न विचारता त्याला पलीकडे मुंबईच्या सरकारी दवाखान्यात नेलं. तिला अक्षर वाचता येत नव्हतं. ज्यांना येत होतं ते भगताला लिंबं आणून देत होते.

तिथं डॉक्टरीणबाईंनी आजाराचं नाव सांगितलं. एकदा माणूस वर जातो, एकदा खाली, आणि दोन्ही त्याच्या हातात नसतं. आता त्याला बायपोलर म्हणतात आणि सोसायटीच्या मीटिंगमध्ये कुणी जरा आवाज चढवला की लोक हा शब्द वापरतात. तेव्हा बाजारात एकच शब्द होता, तो मी लिहीत नाही. औषध होतं लिथियमच्या गोळ्या.

दुसऱ्या खेपेला मी बरोबर गेलो. जनाबाई म्हणाली होती, "भाऊ, तुमी चला, तुमाला बोलता येतं." बाकावर आम्ही तिघं बसलो. मी सरळ विचारलं, "किती गोळ्या?"

"सध्या दिवसाला चार."

"दोन करा."

बाईंनी चष्म्यावरून बघितलं. "तुम्ही कोण यांचे?"

"मित्र. बरं, राहू द्या. अडीच."

हसुराम हसायला लागला. बऱ्याच दिवसांनी. "बाई, हा असाच हाय. देवालापन नारल अर्धाच दाखवतो."

बाई हसल्या नाहीत. त्यांनी अंगठा आणि तर्जनी एकमेकांजवळ आणली. "हे औषध रक्तात इतकं असेल तर काम करतं. ह्याच्या वर गेलं की विष. मधली जागा एवढीच आहे. म्हणून रक्त तपासायचं, आणि रक्त सांगेल तेवढ्याच गोळ्या. पाणी भरपूर, जेवणातलं मीठ तोडायचं नाही. मनानं कमी करायच्या नाहीत, मनानं थांबवायच्या तर नाहीतच."

"आणि त्रास?"

"तहान लागेल. वजन वाढेल. हात थरथरेल, काहींचा कमी, काहींचा जास्त. थोडं मंद वाटेल."

"म्हणजे माल डागी आणि भाव पुरा," मी म्हणालो.

"दुसरा माल कुठं बघितलात तर मला सांगा," बाई म्हणाल्या. "मीही घेईन."

सबंध मुंबईत मला एवढं सरळ उत्तर कुणी व्यापाऱ्यानं दिलं नव्हतं. मला त्यांचा राग आला. ज्या बाजारात घासाघीस चालत नाही तिथं माझ्यासारख्यानं करायचं काय? उठता उठता बाईंनी सांगितलं की हे औषध म्हणजेसुद्धा एक प्रकारचं मीठच. झालं. परतीच्या एसटीत हसुराम बायकोला ऐकवत होता, "आज्यानं मीठ काढलं, बापानं मीठ काढलं, आन मना मीठ खायाला डॉक्टरची चिठ्ठी!"

गोळ्यांनी काम केलं, हे मी नाकारत नाही. दोन महिन्यांत तो गाळ्यावर आला. झोप लागत होती, शुद्धीत बोलत होता, खाडीकडे जात नव्हता. पण आला तो कोण आला? पोट सुटलेलं. पाणी पिताना तांब्या तोंडावरून काढायचा नाही, आणि दर अर्ध्या तासाला गाळा सोडून मागं जायचा. विनोद केला तर आधी ऐकायचा, मग गोणी उघडून बघावी तसा तपासायचा, मग हसायचा. एकदा मला म्हणाला, "गेनबा, भाचीला सासरी धाडली. सगला गाव रडला. मना नाय आयलं. मी कांदा फोडून डोल्याला लावला, तं तोपन नाय रडवत मना आता."

आणि हात. उजव्या हाताला बारीक थरथर. कप धरला की बशी वाजायची. कप वाजला तर वाजू दे, पण रुमालाखाली? तीन बोटं धरली की एखादं आपोआप सुटायचं. सायनच्या एका व्यापाऱ्याशी त्यानं त्रेचाळीसला सौदा केला आणि त्या गड्याला कळला बेचाळीस. रुमालाखालच्या सौद्याला साक्षीदार नसतो. दोघंही खरं बोलत होते आणि दोघंही एकमेकांना लबाड म्हणत होते. असं तीनदा झालं. मग पलीकडच्या गाळ्यावरची पोरं रुमाल टाकून हात हलवायला लागली, "भाव काय? बेचाळीस, त्रेचाळीस, बेचाळीस, त्रेचाळीस!" हसुराम ऐकायचा आणि पाणी प्यायचा. शेतकरी हळूहळू दुसरीकडे माल उतरवायला लागले.

मला त्याचा हात परत हवा होता. ह्यात माझा फायदा होता का? होता. त्याच्या हातासारखी खरेदी मला दुसऱ्या गाळ्यावर मिळत नव्हती. पण फायदा नसता तरी हवाच होता. एवढा गुणी हात, आणि चहाची बशी वाजवायला?

मी त्याच्या घरी जाऊन जनाबाईशी बोललो. म्हटलं, "वहिनी, हंगामाचे दोन महिने गोळ्या थांबवू. उन्हाळी कांद्याची गर्दी संपली की पावसाळ्यात परत सुरू. दहा महिने डॉक्टरीणबाईंचे, दोन आमचे."

ती मच्छी साफ करत होती. "नाय."

"एक महिना."

"भाऊ, तुमी इथं कांदं घ्यायला नाय आयलाव."

"अहो, पण त्याचे हाल बघताय ना? पोट वाढलं, हात कापतो, माणूस मंद झाला."

तिनं कोयता खाली ठेवला. "सगला बघतंय मी. गोली घेतली तं हात कापतो. तो कापरा हात मी धरीन. पान्यात उतरलेला मानूस मना धरता नाय येत. बोला, आता काय देताव?"

मी चहा न घेता निघालो. आयुष्यात दोन बायकांशी घासाघीस हरलो, दोन्ही ह्याच माणसापायी.

तिथंच थांबायला हवं होतं, असं आता ज्याला त्याला सुचतं. दोन दिवसांनी मी गाळ्यावर गेलो तेव्हा हसुरामनं माझ्या हातावर रुमाल टाकला. समोर माल नव्हता. त्याचा हात माझ्या हातात थरथरत होता. त्यानं चार बोटं पुढं केली. माल नाही तिथं भाव कसला? चार म्हणजे त्याच्या दिवसाच्या गोळ्या. मला कळलं तो काय विचारतोय. मी त्याच्या तोंडाकडे बघितलं. तोंड नेहमीसारखं, त्यावर काही नाही. मी त्याची बोटं एकेक करून मिटवली. चौथं मिटवायला थोडा वेळ लागला. ते मी मिटवलं की त्यानं, हे मी आजही सांगू शकत नाही. शेवटी माझ्या हातात त्याची मूठ होती.

हा सौदा कुणी बघितला नाही. बघितला असता तर अडवला असता, असंही नाही. उलट पुढचे तीन आठवडे हेच सगळे म्हणत होते, "हसूशेठ परत आला!" आणि आलाच होता. थरथर गेली. बोटांना जुनी जीभ फुटली. सौदे असे करायचा की समोरचा हरूनही खूश. एकदा एका सौद्यात मला बोटांनीच सांगितलं की तुझ्या मागच्या माणसाच्या धोतराचा सोगा सुटलाय. मी वळून बघितलं, खरंच सुटला होता. मी इतका हसलो की सौदा मोडला. ते तीन आठवडे माझ्याकडून कुणी काढून घेऊ शकत नाही. जनाबाई रोज सकाळी गोळ्या त्याच्या तळहातावर ठेवायची आणि तो तिच्यासमोर पाण्याबरोबर घ्यायचा. त्या मग मिठाच्या डबीत जायच्या. ज्या हातानं आम्हा सगळ्यांना बनवलं, त्याला घरचं एक माणूस बनवायला काय लागतं?

चौथ्या आठवड्यात त्याचे डोळे बदलले. बोलणं पाण्यासारखं झालं. मी ओळखलं. ओळखूनही दोन दिवस गप्प बसलो, कारण माल जोरात येत होता. हे मी लिहून ठेवतो आहे, कुणी विचारायच्या आत.

तिसऱ्या दिवशी माझ्याच गावच्या धोंडिबा काळ्यांचा माल हसुरामच्या गाळ्यावर उतरला. उत्तम कांदा, लालभडक, कोरडा. सकाळपासून असा माल मी चाळीसनं घेत होतो. धोंडिबांना मी नमस्कार केला, घरचं विचारलं, त्यांच्या हातची तंबाखू खाल्ली, आणि रुमालाखाली हसुरामची तीन बोटं धरली. तीस. गावचा माणूस भावावर संशय घेत नाही. त्याची किंमत बाजारात दहा रुपये असते. मी लावली, दुसऱ्यानंही लावली असती.

हसुरामनं रुमाल ओढला.

तुम्ही बाजारातले नसाल तर हे काय झालं ते कळणार नाही. भर चौकात कुणाचं धोतर ओढलं तर जेवढी शरम, तेवढी. माझा हात उघडा पडला, त्याची तीन बोटं घट्ट धरलेली. मला सोडायचंही सुचेना.

"बघा शेठ!" तो धोंडिबांना ओरडून सांगू लागला. "मोजा! तीन! सकालपासून चालीस देतंय, तुना तीस! का? तर गाववाला हाय! माजा दोस्त हाय हा, लाखात एक! ह्यानंच माज्या गोल्या बंद केल्या! उपकार झालं ह्याचं, डोलं उघडलं माजं!"

आणि त्यानं मला मिठी मारली. सगळ्या बाजारासमोर, आनंदानं. शिव्या दिल्या असत्या तर मी निभावून नेलं असतं. त्यानं माझे आभार मानले.

धोंडिबांनी फक्त विचारलं, "गेनबा, खरं हाय का रं?" मी उत्तर द्यायच्या आत हसुराम पुढच्या गाळ्यावर पोचला होता. तिथला रुमाल ओढला. मग पुढचा. एकामागून एक दहा-बारा गाळे. जिथं तिथं दोन माणसं चोरासारखी हात धरून उभी, आणि शेतकरी बोटं मोजतायत. फडकी हवेत उडत होती, हमाल शिट्ट्या मारत होते, व्यापारी "धरा, धरा, येडा झाला!" म्हणून ओरडत होते. शेवटी चौघांनी त्याला कांद्याच्या ढिगावर दाबून धरला. तो हसत होता आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी येत होतं. "गेनबा," तो मला हाका मारत होता, "रडू आयला! बघ, मना रडू आयला!"

त्याला दवाखान्यात ठेवलं. तिथून आला तो पुन्हा भिंतीकडे तोंड करून. पाच महिने. मी एकदा गेलो, हापूसची पेटी घेऊन. जनाबाईनं पाणी दिलं, चहा दिला नाही. म्हणाली, "भाऊ, माज्याशी तोंडानं हरलाव, म्हनून त्याच्याशी हातानं जिकलाव." पेटी तिनं ठेवून घेतली नाही. परत आणून मी ती सोसायटीत वाटली, आणि लोकांनी विचारलं, गेनूशेठ, आज कसली खुशी?

पावसाळा सरता सरता तो उठून पडवीत बसायला लागला. मी पुन्हा गेलो. मध्ये पाटावर गोळ्यांची बाटली. तहान परत, पोट परत, थरथर परत. बाईंनी रक्त बघून एक गोळी कमी केली होती, त्यानं थरथर थोडी उतरली, गेली नाही. मला वाटलं, तो मला दोष देईल, आणि मी उत्तरं तयार करून गेलो होतो. त्यानं दोष दिला नाही. असल्या माणसांचा हा मोठा दुष्टपणा असतो, तयार उत्तरं तशीच राहतात.

म्हणाला, "मी लय इचार केला, गेनबा. गोली म्हंजे अडत हाय. आपल्याच मालातनं कापून घेते. थोरा हात घेते, थोरा रडू घेते, थोरा हसूपन. राग येतो. पन अडत दिली नाय, तं माल उभा कुठं करशील? रस्त्यावर? खाडीत?"

"बाईंशी बोलून आणखी कमी होईल," मी म्हणालो. सवय जात नाही.

"रक्त बोलंल तवा होईल. तू नको बोलू."

दिवाळीनंतर तो गाळ्यावर आला. रुमाल टाकेना. व्यापारी हात पुढं करायचे, तो हात मांडीखाली घालून बसायचा. "हाताचा भरवसा नाय, शेठ. तोंडानं बोला. मोठ्यानं. शेतकऱ्याला ऐकू जाऊ द्या." माणसं हसली. त्याच्या गाळ्याला कापऱ्याचा गाळा म्हणायला लागली. मी वर्षभर तिकडे फिरकलो नाही. तोंडी भाव म्हणजे धंदा नव्हे, तमाशा आहे, असं माझं तेव्हा मत होतं आणि आजही आहे. पण शेतकरी गाढव नसतात. हळूहळू गाड्या त्याच्या दारात लागायला लागल्या. धोंडिबांची पहिली. चांगला माल हवा तर तिथं जाऊन, पन्नास माणसांत, ओरडून भाव सांगायची पाळी माझ्यावर आली. आता लोक सांगतात की हसूशेठ मोठा तत्त्वाचा माणूस, त्यानं पद्धत बदलली. तत्त्व कसलं? गोळीनं हात कापत होता म्हणून त्यानं तोंड उघडलं. मात्र हात कापत असताना गाळ्यावर येऊन बसायचं, पोरांच्या नकला ऐकायच्या, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा गोळी घेऊन यायचं, हे ह्या हार घालणाऱ्यांपैकी एकाला तरी जमलं असतं का, एवढं मला सांगा.

शेवटचा मी त्याला नीट पाहिला तो एका उन्हाळ्यात, जेवणाच्या वेळी. गाळ्याबाहेर खुर्ची, अंग सुटलेलं, केस पांढरे. मांडीवर बापाचा तो लाल चौकडीचा रुमाल पसरलेला. जनाबाईनं डब्याबरोबर धाडलेल्या गोळ्या त्यानं जिभेवर ठेवल्या आणि स्टीलचा पेला दोन्ही हातांनी उचलला. पेला दातांवर वाजला. अर्धं पाणी तोंडात गेलं, अर्धं रुमालावर. रुमाल आता त्याच कामाला होता.

मला तिथं उभं राहून ते बघवेना, म्हणून मी म्हणालो, "माल दाखव. भाव काय?" आणि जुन्या सवयीनं हात पुढं झाला. मी मागं घेणार, तोच त्यानं तो धरला. आणि इतक्या वर्षांनी वर रुमाल टाकला, ओलाच.

पलीकडच्या गाळ्यावरची माणसं बघायला लागली. मी बोटांची वाट बघत उभा. एकही बोट पुढं येईना. नुसता हात, जाड, मिठानं खाल्लेला, माझ्या हातात बारीक थरथरत होता. त्याच्या चेहऱ्यावरची माशी हलत नव्हती.

"बोल की," मी म्हणालो. "भाव काय?"

"वाच ना, गेनबा. तुना वाचता येतं."

मी चाचपडून बघितलं. तीन नाही, चार नाही, पंजा नाही. "काय वाचू? नुसता कापतोय."

"हां," तो म्हणाला. "तोच भाव हाय. रोजचा."

रुमालातलं पाणी माझ्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं. माझा हातही त्याच्याबरोबर हलत होता. बघणारे बघत होते. मी काढून घेतला नाही.